कळंब्यातून भुर्र

मराठी मूल बोलायला लागलं की त्याच्या पहिल्या दहा-बारा शब्दांत 'भुर्र' असतंच. आईनं ओढणी घेतली, बाबांनी गाडीची किल्ली उचलली, आजोबांनी टोपी शोधायला सुरुवात केली, की दारापाशी जाऊन उभं राहायचं आणि भुर्र म्हणायचं. कोल्हापुरात या भुर्रसाठी फार लांब जावं लागत नाही. रंकाळ्याला एक चक्कर पुरते. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेलं तर मग विचारायलाच नको. म्हैस समोर उभी, धार काढणं चालू, फेसाळलेला पेला हातात, आणि पोरगं पेल्याकडे ढुंकूनही न बघता म्हशीच्या शेपटीकडे टक लावून बसलेलं. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवलेल्या म्हशी रस्त्यानं मिरवतात तेव्हा बापाच्या खांद्यावरची दोन-दोन वर्षांची पोरं त्या गर्दीत खिदळत असतात. म्हशीला घाबरणारं मूल हा या गावात चेष्टेचा विषय.

रस्त्यावर जनावर दिसलं की भेदरणारी मुलं असतात, अशी नोंद देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात आहे. ही मुलं गावात वाढलेली नव्हती, तशी शहरातही नाहीत. ती आईबरोबर तुरुंगात वाढलेली होती. तो निकाल १३ एप्रिल २००६ चा. त्याला आता वीस वर्षं झाली.

'आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य' असं त्या खटल्याचं कोरडं नाव. १९९४ ची ही याचिका मुळात खटला न चालता वर्षानुवर्षं खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांसाठी होती. त्यातल्या बायकांच्या कडेवरची पोरं न्यायालयाच्या नजरेत आली ती नंतर. तेव्हाचे सरन्यायाधीश वाय. के. सभरवाल यांच्या पीठानं मग केवळ या पोरांसाठी सविस्तर निकाल दिला. त्यात त्यांच्या वाढीचं जे वर्णन आहे, ते कुठल्याही बालमानसशास्त्राच्या पुस्तकापेक्षा जास्त टोचतं. घर म्हणजे काय हे या मुलांना माहीत नसतं. पुरुष म्हणजे पोलीस किंवा तुरुंगाधिकारी, एवढीच त्यांची ओळख. काही मुलं आक्रस्ताळी होतात, काही कोशात जातात. आणि सतत बायकांतच राहिल्यामुळे मुलगे कधीकधी स्त्रीलिंगी बोलायला लागतात.

हे शेवटचं वाचून कोल्हापूरकराला जरा गंमत वाटेल. आमच्याकडे उलटं आहे. इथल्या बायका आणि मुली सर्रास 'मी येतो', 'मी जेवलो' म्हणतात. पुण्याकडची सून घरात आली की पहिला महिनाभर दचकत असते. तेव्हा कळंब्याच्या कारागृहात आयाबायांमध्ये वाढणाऱ्या मुलाच्या क्रियापदावरून कुणाला काही कळायचं नाही. कोल्हापुरी व्याकरण त्याला पदराखाली घेईल. क्रियापद तेवढं झाकलं जाईल, बाकी सगळं उघडंच राहील.

न्यायालयानं काय सांगितलं होतं? सगळ्याचा पाया एका वाक्यात होता: आईबरोबर तुरुंगात असलेलं मूल हे कच्चा कैदी नाही आणि पक्का कैदीही नाही. अन्न, कपडे, औषधपाणी, शिक्षण आणि खेळ हा त्याचा हक्क आहे, मेहरबानी नव्हे. बाळंतपण शक्यतो बाहेरच्या दवाखान्यात व्हावं. इथल्या बाईसाठी त्याचा अर्थ सीपीआर रुग्णालय. मूल आतच जन्मलं तर जन्मदाखल्यावर तुरुंगाचं नाव न घालता त्या भागाचा पत्ता घालावा. न्यायमूर्तींचा हेतू चांगलाच होता, पण कोल्हापुरात तो थोडा फसतो. 'कळंब्याला गेलाय' असं इथं म्हटलं की तो माणूस तळ्यावर फिरायला गेलाय असं कुणी समजत नाही. गावाच्या नावानंच तुरुंगाचं काम अंगावर घेतलंय, त्याला दाखला लिहिणारा कारकून तरी काय करणार?

आहाराचं कोष्टकसुद्धा त्या निकालात आहे. धान्य किती ग्रॅम, डाळ किती, फळं किती, दिवसाला अर्धा लिटर दूध. अंगावर पिणाऱ्या बाळाला वरचं दूध कमी, इतका बारकावा त्यात आहे. दूध हा कोल्हापुरात प्रश्न होऊच शकत नाही. १९६३ पासून 'गोकुळ'च्या गाड्या पहाट व्हायच्या आधी गावोगावी फिरताहेत. पण दूध भिंतीच्या आत नेता येतं, म्हैस नेता येत नाही.

मुलाची सुरुवातीची वाढ म्हणतात ती नेमकी इथं अडते. वजनकाट्यावर हे मूल बरोबर भरेल. लसीचे डोस वेळेवर मिळतील. शिवाय बॅरेकमध्ये मावश्यांना तोटा नसतो. ज्यांची स्वतःची पोरं बाहेर राहिली आहेत त्या बायका आतल्या एखाद-दुसऱ्या लेकराला खाली ठेवत नाहीत. चिऊकाऊचे घास भरवायला हातच हात. कावळा भिंतीवर येऊन बसतोसुद्धा, त्याला मज्जाव नाही. पण दिवस कलला की मोजदाद होते आणि बॅरेकला टाळं लागतं. बाहेरच्या पोरांचा खेळ ज्या वेळी रंगात येतो त्या वेळी याचा दिवस संपतो. त्यामुळे आकाशातला चांदोबा दाखवून शेवटचा घास भरवायची सोय नाही. आणि भुर्र? ते होतं, नाही असं नाही. कोर्टाची तारीख आणि दवाखाना. दोन्हीकडे पोलिसांची गाडी.

इथं एक सोपा उपाय पटकन तोंडावर येतो: मग काढा ना मुलाला बाहेर, ठेवा कुठल्याशा चांगल्या संस्थेत. ऐकायला दयाळू वाटतं. त्याची परीक्षा ऐंशी वर्षांपूर्वी होऊन गेली आहे. रेने स्पिट्झ या मूळच्या व्हिएन्नाच्या डॉक्टरनं १९४५ साली दोन जागांमधल्या तान्ह्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. एक होतं अनाथ बाळांचं गृह. स्वच्छ, डॉक्टरांची नियमित फेरी, खाणंपिणं चोख. मात्र आठ-आठ बाळांमागे एक दाई, आणि पाळण्याच्या कठड्यांवर पांढऱ्या चादरी टाकलेल्या, त्यामुळे बाळाला वरच्या छताखेरीज काही दिसायचं नाही. दुसरी जागा होती बायकांच्या तुरुंगातलं पाळणाघर. तिथे कैदी आया आपापल्या बाळाचं सगळं स्वतः करायच्या. तुरुंगातली बाळं रांगली, बोलली, धष्टपुष्ट झाली. स्पिट्झच्या पाहणीच्या काळात त्यातलं एकही दगावलं नाही. त्या स्वच्छ गृहातल्या ९१ मुलांपैकी ३४ दोन वर्षांत गेली.

तेव्हा आई हीच वाढ. ती चोर असो, खुनाच्या आरोपाखाली असो, की जाऊबाईच्या भांडणात सगळ्या घराबरोबर पोलीस ठाण्यात नाव गेलेली धाकटी सून असो. दोन वर्षांच्या मुलाच्या मेंदूला भारतीय दंड विधान किंवा न्यायसंहिता यातलं काही कळत नाही. त्याला आई हवी आहे आणि भुर्र जायचं आहे. दोन्ही एकदम. एकासाठी दुसरं काढून घेणं हा उपाय नव्हे, ती शिक्षाच आहे.

न्यायालयाला हे बरोबर उमगलं होतं. तीन वर्षांच्या आतल्या मुलांना पाळणाघर, तीन ते सहाच्या मुलांना बालवाडी, आणि ही दोन्ही शक्यतो तुरुंगाच्या आवाराबाहेर चालवावीत, असं निकालात लिहिलं आहे. 'शक्यतो' हा आपल्या सरकारी भाषेतला सर्वांत आरामशीर शब्द. वीस वर्षं त्याच्यावर टेकून बसता येतं.

आता थोडे आकडे, कारण इथं आकडेच बोलके आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशेबानुसार २०२२ च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत १,५३७ बायकांबरोबर १,७६४ मुलं होती. कारागृहं १,३३०. सरासरीनं एका तुरुंगामागे दीड मूलही येत नाही. प्रश्न एवढासा आहे, म्हणूनच तो सुटत नाही, हे वाचायला विचित्र वाटेल पण कामकाज तसंच चालतं. नव्या अंगणवाडीला मंजुरी मिळते ती लोकसंख्येवर. साधारण चारशे ते आठशे वस्तीमागे एक. बॅरेकमधली दोन-तीन पोरं या मापात कधीच बसणार नाहीत. त्यांच्यासाठी शिक्षिकेचं पद निघत नाही, अनुदान निघत नाही. मोठ्या शहरांत संख्या जरा जास्त असते, संस्थाही असतात. मुंबईत भायखळ्याला टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास'नं या मुलांबरोबर काम केलं, दिल्लीत तिहारला किरण बेदींनी उभ्या केलेल्या इंडिया व्हिजन फाउंडेशननं पाळणाघर चालवलं. जिल्ह्याच्या ठिकाणी असं कोण येणार आणि किती दिवस टिकणार?

आमचं म्हणणं इतकंच आहे की कोल्हापुरात कुणी यायची वाट बघायला नको. नवं काही बांधायलाही नको. कळंब्याच्या परिसरात अंगणवाड्या आहेत, त्यात पोरं आहेत, खिचडी शिजते, ताई असतात. तुरुंगातल्या तीन वर्षांवरच्या मुलानं रोज सकाळी तिथे जावं आणि दुपारी आईकडे परत यावं. दोन-तीन मुलांसाठी अंगणवाडी मंजूर होत नाही, पण असलेल्या अंगणवाडीत दोन-तीन मुलं सहज मावतात.

१९ एप्रिलला ताराबाई मोडकांची जयंती असते. बालवाडी हा शब्द आणि ती चळवळ महाराष्ट्रात रुजवणाऱ्यांत त्या अग्रणी. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. मोठी पोरं गुरं राखायला जात, तर त्यांच्यामागे कुरणावर शाळा नेली. १९७५ साली सरकारनं एकात्मिक बालविकास योजना काढली तेव्हा देशभर पोचलेलं 'अंगणवाडी' हे नाव त्यांच्याच अंगणातलं. मूल येत नसेल तर शाळेनं जावं, हा ताराबाईंचा धडा. कळंब्यात तो उलटा गिरवावा लागेल, कारण इथल्या अंगणाला उंच भिंत आहे. बालवाडी आत नेली की भिंतही तिच्याबरोबर राहते. चित्रातली म्हैस दाखवता येईल, एवढंच. लीलाताई पाटलांनी याच शहरात १९८५ साली 'सृजन आनंद' विद्यालय सुरू केलं, तेही मुलांना चार भिंतींत कोंडून शिक्षण होत नाही या हट्टापोटी. ज्या गावात हे रुजलं त्या गावाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नसावी.

तरी हरकती येणार. पहिली तुरुंगातून येईल, आणि ती पोकळ नाही. रोज आत-बाहेर करणाऱ्या लेकराच्या झबल्यात चिठ्ठी, तंबाखूची पुडी, उद्या सिमकार्डसुद्धा कुणी घालेल. घालेल. त्याला झडती हाच इलाज, आणि तीन वर्षांच्या मुलाची झडती खेळाच्या वळणानं घ्यायला महिला शिपायाला दोन दिवसांत शिकवता येतं. कपडे आतले वेगळे, बाहेरचे वेगळे ठेवले की अर्धं काम होतं. रोज एक कर्मचारी त्यात अडकेल हेही खरं. पण त्याच मुलाला आज कोर्टात आणि दवाखान्यात न्यायला माणूस लागतोच.

दुसरी हरकत गावातून येईल, आणि ती कुणी तोंडावर बोलणार नाही. तुरुंगातलं पोर आमच्या पोराशेजारी? या शहराला बाई आणि तुरुंग हे दोन शब्द एकत्र आले की एक जुनी जखम आठवते. नव्वदच्या दशकात मुलं पळवून, त्यांचा चोऱ्यांसाठी वापर करून, त्यांना मारून टाकणाऱ्या मायलेकींनी या भागाची झोप उडवली होती. २००१ साली इथल्याच सत्र न्यायालयानं त्यांतल्या दोघी लेकींना फाशी सुनावली. २०२२ साली उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली. त्या नव्वदच्या दशकात आपली पोरं घट्ट धरून शाळेत सोडणाऱ्या आया आज आज्या झाल्या आहेत. त्यांची भीती खोटी नव्हती. पण ती दोन वर्षांच्या कुणाच्या तरी लेकराच्या नावावर चढवायची नसते. आणि दुसरंही एक आठवून बघावं. काही वर्षांपूर्वी अंबाबाईच्या देवळातला लाडूचा प्रसाद कळंबा कारागृहातल्या बंदिवान बायका वळत होत्या. तो आपण सगळ्यांनी घेतला, कपाळाला लावला, पाव्हण्यांना दिला, मुंबईच्या भावाला डब्यातून पाठवला. कोण वळतं हे पेपरात छापून आलं होतं, तरी कुणाच्या घशाखाली अडकला नाही. त्या हातांचा लाडू चालला, तर त्या हातांनी वेणी घातलेली पोरगी चटईवर शेजारी चालायला हरकत काय?

अर्थात हे सगळं दुसऱ्या क्रमांकाचं. पहिला प्रश्न आई आत का आहे हा. २०२२ च्या त्या आकड्यांत आणखी एक आकडा दडलेला आहे: दर पाच मुलांपैकी चार मुलांच्या आया कच्च्या कैदी होत्या. गुन्हा शाबीत व्हायचाच होता. यातल्या काहींना जामीन मिळालेला असतो, जामीनदार मिळत नाही. नवरा त्याच खटल्यात, सासर तोंड फिरवून, माहेरचा सातबारा भावाच्या नावावर. बालविकासाच्या कितीही योजना आणल्या तरी तिच्या जामिनाच्या कागदाइतकी स्वस्त आणि गुणकारी एकही नाही. केंद्रानं २०२३ पासून गरीब कच्च्या कैद्यांच्या जामिनासाठी मदतीची योजना आणली आहे. जिल्ह्याच्या समितीनं नाव पुढे करावं लागतं. कडेवर मूल असलेल्या बाईचं नाव यादीत सगळ्यात वर असावं, याला कुणाची ना असेल असं वाटत नाही. २००६ च्या निकालातही सांगितलं आहे की जिचं मूल तुरुंगात आहे तिचा खटला आधी चालवावा, आणि विधी सेवा प्राधिकरणानं तुरुंगाला वेळोवेळी भेट देऊन हे होतंय की नाही ते बघावं. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात, सीपीआरसमोर बसतंय. सहा जिल्ह्यांनी त्यासाठी कित्येक वर्षं मोर्चे काढले, ते न्याय दाराशी यावा म्हणून. कळंबा तिथून रिक्षानं पंधरा-वीस मिनिटांवर आहे.

मूल सहा वर्षांचं झालं की त्याला आत ठेवता येत नाही. आजी-मामा असतील तर त्यांच्याकडे, नाहीतर संस्थेत. पुढे कधी कैद्यांना आपल्या मुलांना भेटू देणारी 'गळाभेट' असेल तेव्हा ते आईला भेटायला त्याच फाटकातून पाहुणा म्हणून येईल. योगायोग असा की शिक्षणाच्या हक्काचा कायदाही सहाव्या वर्षापासूनच लागू होतो. त्याआधीच्या मुलांसाठी राज्यघटनेच्या ४५ व्या कलमात २००२ च्या दुरुस्तीनं एवढंच म्हटलंय की राज्य 'प्रयत्न करील'. बाहेरच्या मुलांच्या बाबतीत सरकार निदान म्हणू शकतं, पाडा लांब आहे, आईबाप ऊसतोडीला गेले, पोरं हाती लागत नाहीत. कळंब्यातलं मूल चोवीस तास सरकारच्याच हातात आहे. त्याचं दूध सरकार मोजतं, त्याचं दार सरकार लावतं. सहाव्या वाढदिवसाची तारीख ते आत आल्याच्या दिवशीच नोंदवहीत लिहिलेली असते. त्या दिवशी त्याला एकदम सगळं भेटतं: रस्ता, गर्दी, कुत्री, पुरुषांचे आवाज, रात्रीचं आकाश. आणि नेमकी आई तेव्हा जवळ नसते.

जूनमध्ये शाळा उघडतील. अंगणवाडीत नव्या पोरांचं रडणं आठवडाभर चालतं, त्यात आणखी एक-दोन आवाज मिसळले तर ताईंना वेगळं वाटणार नाही. फक्त सोबत येणाऱ्या शिपाईबाईनं खाकी न घालता साधी साडी किंवा ड्रेस घालून यावं. चालतच यावं, गाडी नको. वाटेत म्हैस आडवी येईल, कोल्हापूरच आहे. मूल पहिल्या दिवशी किंचाळेल. बाईनं त्याला पटकन कडेवर घ्यावं, आणि गवळ्यानं म्हैस जरा कडेला दाबून धरावी, ते तिची शेपटी नीट बघेपर्यंत.